पुढची चाकं मागे, मागची पुढे : टायर रोटेशनबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी टायर रोटेशनवरची पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. भांडुपला एलबीएस मार्गावरचं आमचं टायरचं दुकान बाबांनी सुरू केलं, आता मी बघते. त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे, आणि काही उत्तरं लांबली आहेत. लोक रोटेशनकडे टायरचे पैसे वाचवण्याची युक्ती म्हणून बघतात. पैसे वाचतात हे खरंच. पण मुंबईच्या पावसात चारही टायर एकसारखी पकड घेतात की नाही, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो. पुढची उत्तरं वाचताना तेवढं लक्षात असू द्या.

प्रश्न : माझी वॅगनआर आहे. दर सर्व्हिसिंगच्या बिलात ‘टायर रोटेशन’ लिहिलेलं असतं. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात करावंच लागतं, आमच्या सोसायटीतले एक काका म्हणतात, पैसे काढायचे धंदे आहेत. खरंच गरज असते का? आणि केलं की नाही हे मला कसं कळणार?
— एक शिक्षिका, मुलुंड

उत्तर : ताई, गरज असते. काकांचा गैरसमज का झाला तेही समजतं. रोटेशन करून आणलेली गाडी चालवताना काहीच वेगळं वाटत नाही. फायदा दिसतो तो वर्ष-दोन वर्षांनी.

तुमच्या गाडीचं इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे, आणि इंजिनची ताकद जाते तीही पुढच्याच चाकांना. अशा रिकाम्या गाडीचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन टायरांवर असतं. गाडी खेचायची त्यांनी, वळवायची त्यांनी, आणि ब्रेक दाबला की वजन आणखी पुढे झुकतं, म्हणजे थांबवण्याचं मोठं कामही त्यांच्याकडेच. मागची चाकं बरीचशी नुसती मागून येतात. त्यात आपली मुंबई. मुलुंडहून सायनला जायचं तर किती वेळा ब्रेक, किती वेळा पहिला गिअर, ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि एक गोष्ट फारशी कोणी बोलत नाही, ती म्हणजे सोसायटीतलं पार्किंग. दोन खांबांच्या मध्ये गाडी घालताना आपण उभ्या गाडीचं स्टेअरिंग पूर्ण फिरवतो. पॉवर स्टेअरिंगमुळे हाताला काही जड लागत नाही, पण पुढचा टायर खालच्या सिमेंटवर जागच्या जागी रगडला जातो. रोज दोनदा. गाडी किंचित पुढे-मागे सरकत असतानाच स्टेअरिंग फिरवलं तर हा त्रास बराच कमी होतो.

नव्या टायरच्या खाचा साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असतात. समजा वीस हजार किलोमीटर एकदाही चाकं बदलली नाहीत आणि पुढच्या खाचा ४ मिलिमीटरवर आल्या, मागच्या मात्र ६ वर. आता एकाच गाडीला दोन तऱ्हेचे टायर आहेत. कोरड्या रस्त्यावर कळणार नाही. जुलैमध्ये ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर पाण्याचा थर साचला की कळेल, कारण ते पाणी बाजूला सारायचं काम या खाचाच करतात. खाच जितकी उथळ तितका कमी वेगातच टायर पाण्यावर तरंगायला लागतो, आणि ब्रेक लावला तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी वागतात. रोटेशनने झीज थांबत नाही. ती चौघांत वाटली जाते, एवढंच. पण म्हणूनच ते वेळेवर करायचं असतं. फरक पडून गेल्यावर केलं तर झिजलेले टायर नुसते मागे जातात, आणि त्याचा धोका वेगळा. त्याबद्दल पुढे एका पत्राच्या उत्तरात सविस्तर लिहिलं आहे.

कधी करायचं? गाडीच्या पुस्तकात आकडा दिलेला असतो, तो पाळा. आकडा सापडला नाही तर ८ ते १० हजार किलोमीटर धरा. नव्या टायरांचं पहिलं रोटेशन सगळ्यांत महत्त्वाचं, ते चुकवू नका. नव्या टायरची नक्षी खोल आणि लवचीक असते, वेडीवाकडी झीज तेव्हाच घर करते. मुंबईत ऑफिसला लोकलने जाणारी आणि गाडी शनिवार-रविवारी काढणारी माणसं वर्षाला दहा हजारही चालवत नाहीत. त्यांना मी मे महिन्यात रोटेशन करून घ्या म्हणते, आणि पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या आधी, फक्त अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, तपासून घ्या. खड्ड्यांनी बिघडतं ते अलाइनमेंट.

आता, केलं की नाही हे कसं कळणार. सर्व्हिसिंगला देण्याआधी पुढच्या एका चाकाच्या व्हॉल्व्हवर नेलपॉलिशचा बारीक ठिपका लावा. टोपणावर नको, टोपणं बदलली जातात. व्हॉल्व्हच्या रबरी नळीवर लावा. व्हॉल्व्ह चाकाबरोबरच फिरतो. गाडी परत आली आणि ठिपका जिथल्या तिथे असेल तर बिलातली ती ओळ खोडून मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पण ताई, माझं ऐकाल तर नुसतं चाक हललं यावर समाधान मानू नका. चाक खाली उतरलं की कोणीतरी टायर आतून पाहिला पाहिजे, रोटेशनचा अर्धा उपयोग तिथेच आहे. गाडी उभी असताना आपल्याला टायरची बाहेरची कड दिसते, आतली दिसत नाही. आमच्याकडे अशा गाड्या येतात की बाहेरून नक्षी चांगली भरलेली, मालक सांगतो टायर अजून वर्ष जातील, आणि चाक उतरवून उलटं केलं की आतल्या कडेला रबर संपून स्टीलच्या तारा उघड्या पडलेल्या. तो टायर हायवेवर कधीही फुटू शकतो.

मी चाक हातात आलं की आधी तळहात फिरवते. बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं खरखरीत लागलं, तर चाकं सरळ चालत नाहीत, अलाइनमेंटमधला टो, म्हणजे चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडलेला आहे. दोन्ही कडा खाल्लेल्या आणि मधला भाग शाबूत असेल तर हवा कमी ठेवली जाते. मधलाच भाग झिजला असेल तर हवा जास्त. ठरावीक अंतरावर वाटीएवढे खोलगट डाग असतील तर शॉक अॅब्सॉर्बर गेलेत किंवा बॅलन्सिंग, म्हणजे चाकाच्या वजनाचा समतोल, बिघडलंय. यातलं काहीही असेल तर आधी ते दुरुस्त करायचं. तसंच चाक दुसरीकडे लावलं तर मूळ बिघाड चांगल्या टायरलाही खाऊन टाकतो. म्हणून गाडी परत घेताना विचारा, चारही टायरची खोली किती मिलिमीटर आली आणि आतल्या कडा कशा आहेत. ज्याने खरंच पाहिलंय तो लगेच सांगतो.

प्रश्न : मी काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी चालवली, आता निवृत्त आहे. आमच्या गाडीचे मागचे टायर आधी संपायचे. मुलाच्या बलेनोचे पुढचे संपतात. आम्हाला उस्ताद सांगायचे की रेडियल टायर डावीकडून उजवीकडे कधी न्यायचा नाही. मुलगा म्हणतो तिरकेच बदलतात. खरं काय?
— एक निवृत्त टॅक्सीचालक, गिरगाव

उत्तर : काका, तुमचं निरीक्षण अचूक आहे. कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन पुढे असलं तरी ताकद लांब शाफ्टमधून मागच्या चाकांना जायची. ढकलणारे टायर मागचे, म्हणून ते आधी जायचे. १९८३ साली मारुती ८०० आली तिची पुढची चाकं गाडी ओढायची, आणि हळूहळू बहुतेक छोट्या गाड्या तशाच झाल्या. बलेनोही तशीच. त्यामुळे झीज मागून पुढे आली.

क्रमही त्यावरच ठरतो. ज्या गाडीत ताकद पुढच्या चाकांना आहे, तिथे पुढची दोन चाकं सरळ मागे जातात, आपापल्या बाजूलाच. मागची पुढे येताना बाजू बदलतात. मागचं डावं पुढे उजवीकडे, मागचं उजवं पुढे डावीकडे. ताकद मागे असेल तर हेच उलट. मागची चाकं सरळ पुढे, पुढची तिरकी मागे. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांनाही हाच दुसरा क्रम चालतो. एका वाक्यात सांगायचं तर ताकदीची चाकं सरळ जातात, दुसरी जोडी बाजू बदलते. नाव सारखं म्हणून गाडीही सारखी असं मात्र धरू नये. इनोव्हा क्रिस्टाची ताकद मागे आहे, इनोव्हा हायक्रॉसची पुढे. एकाच दुकानात दोन्ही येतात आणि क्रम दोघींचा वेगळा.

उस्तादांचा नियमही त्यांच्या काळात बरोबर होता. रेडियल टायर नवे आले तेव्हा ते एका दिशेने फिरून बसले की उलट फिरवू नयेत, असंच बनवणाऱ्या कंपन्याही सांगत. आताच्या रेडियल टायरांना ते बंधन नाही, बाजू बदललेली चालते. फक्त दोन प्रकार ओळखायचे. टायरच्या अंगावर बाण आणि त्याशेजारी इंग्रजीत ‘रोटेशन’ असं लिहिलं असेल, तर तो टायर एकाच दिशेने फिरण्यासाठी आहे. तो फक्त पुढे-मागे न्यायचा, त्याच बाजूला. त्याची नक्षी बाणाच्या दिशेने पाणी फेकते, उलटा लावला तर पावसात नक्षीचा उपयोगच जातो. दुसरा प्रकार म्हणजे अंगावर ‘आउटसाइड’ लिहिलेला. त्याची बाहेरची आणि आतली नक्षी वेगळी असते. तो कुठेही न्या, अक्षरं बाहेर दिसली म्हणजे झालं. मुलाच्या गाडीचे टायर साधे असतील तर मुलगा सांगतो तसं तिरकं करायला हरकत नाही.

शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ साली मुंबईच्या रस्त्यावरून गेली तेव्हा आमच्या दुकानातही सगळे हळहळले होते. तुमच्यासारख्या चालकांनी आमच्या बाबांना बरंच शिकवलं आहे.

प्रश्न : माझी सीएनजी एर्टिगा आहे, अॅपवर भाड्याने चालवतो. पुढचे दोन टायर गोटा झालेत, मागचे अर्धे आहेत. दोनच नवे घ्यायची ऐपत आहे. दुकानदार म्हणतो नवे पुढे लावू, पुढे जास्त झिजतात. बरोबर आहे का? सेकंडहँड घेतले तर चालतील का?
— एक कॅबचालक, कळवा

उत्तर : दादा, नवे दोन मागे लावा. अर्धे झिजलेले मागचे दोन पुढे आणा.

हे ऐकून बरेच चालक माझ्याशी वाद घालतात, म्हणून नीट सांगते. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर स्टेअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. तुम्हाला हातातच कळतं, तुम्ही आपोआप अॅक्सिलरेटर सोडता, वेग उतरतो, पकड परत येते. मागची पकड सुटली तर स्टेअरिंगमध्ये काही कळत नाही. मागचा भाग बाजूला फेकला जातो आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. ती सावरायला सरावलेला हात लागतो, आणि मागे तीन प्रवासी बसलेले असतात. अटल सेतूवर गाडीला ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे. तिथे पावसात मागचे टायर उथळ असले आणि तुम्ही लेन बदलली तर काय होईल याचा विचार करा. टायर बनवणाऱ्या कंपन्याही चांगली जोडी मागेच लावा म्हणतात, गाडी पुढच्या चाकांनी चालणारी असो की मागच्या.

पुढे जास्त झिजतात हे दुकानदाराचं म्हणणं खरं आहे, आणि ते तुमच्या फायद्याचं आहे. पुढे आणलेले अर्धे टायर संपतील, तोवर मागचे नवे थोडेच उतरले असतील. मग ते पुढे आणा आणि पुन्हा नवी जोडी मागे. अशाने दर वेळी दोनच टायरचा खर्च पडतो आणि चांगली जोडी कायम मागे राहते. नियमित रोटेशन केलं तर चारही एकदम संपतात, म्हणजे चारचा खर्च एकाच महिन्यात. हप्ता भरणाऱ्या माणसाला तो जड जातो, हे मी रोज बघते. तुमच्यासाठी दोन-दोनची पद्धत चालेल, फक्त पुढची जोडी गोटा होईपर्यंत थांबू नका. खाचेच्या तळाशी रबराच्या आडव्या बारीक पट्ट्या असतात. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की खोली १.६ मिलिमीटर उरली. कायद्याने ती शेवटची मर्यादा. पावसाळ्यात मी ३ मिलिमीटरला बदला म्हणते. खोली मोजायचं छोटं मापक शेदोनशे रुपयांत मिळतं, ते गाडीत ठेवा.

सीएनजीची टाकी मागे असल्याने मागच्या टायरवर वजन कायमचं जास्त असतं. हवा दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा, आणि चाकं बदलली की हवा पुन्हा सेट करा. पुढची-मागची हवा वेगळी असेल तर बदललेल्या चाकात जुन्याच जागेची हवा राहते, आणि ते दुकानातसुद्धा विसरलं जातं.

सेकंडहँड घेऊ नका. काही ठिकाणी झिजलेल्या टायरच्या खाचा गरम पात्याने पुन्हा कोरतात. दिसायला नक्षी खोल, पण खाली रबराचा थर उरलेला नसतो, तारा अगदी जवळ असतात. तुम्ही दिवसभर रस्त्यावर असता, इथे काटकसर करू नका.

प्रश्न : रोटेशन केल्यापासून गाडीतून घुंऽऽ असा आवाज येतो आणि गाडी थोडी डावीकडे ओढते. दुकानाने बिघडवली का?
— एक वाचक, खारघर

उत्तर : बहुतेक नाही. मागच्या चाकांवर भार कमी, म्हणून तिथे नक्षीचे ठोकळे एका टोकाला जास्त, दुसऱ्या टोकाला कमी असे पायरीपायरीने झिजतात. मागे असताना तो आवाज मागेच राहतो. तेच चाक पुढे आलं की आवाज तुमच्या पायाशी येतो. पुढे चालून त्या पायऱ्या हळूहळू घासल्या जातात आणि आवाज उतरतो. काहीशे किलोमीटर वाट पाहा.

तरी गेला नाही, तर चाकाचा बेअरिंगही असू शकतो. रिकाम्या रस्त्यावर हळूच गाडी डावीकडे-उजवीकडे झुलवा. झुलवताना आवाज वाढला-घटला तर बेअरिंगचा संशय घ्या. आणखी एक खूण : चाकं बदलल्यावर आवाजाने जागा बदलली असेल तर तो टायरचा, जागा तीच असेल तर गाडीचा.

ओढण्याचंही असंच. पुढची दोन चाकं एकमेकांशी बदलून पाहायला सांगा, टायरवर बाण नसेल तर. ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरमध्ये. तरीही डावीकडेच ओढली तर अलाइनमेंट करा, आणि डावा ब्रेक धरून तर राहत नाही ना, तेही पाहायला सांगा. त्याआधी हवा मोजा. एका बाजूला हवा कमी असल्याने ओढणाऱ्या गाड्या मी अलाइनमेंट मशिनवर न चढवताच परत पाठवल्या आहेत.

ताशी ८०-१०० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरत असेल तर मात्र दुकानात परत जा. बॅलन्सिंगचं वजन पडलेलं असेल, किंवा चाक हबवर, म्हणजे ते ज्या चकतीवर बसतं तिच्यावर, सपाट बसलं नसेल. आपल्याकडच्या खाऱ्या हवेने हबवर गंजाची पापुद्री चढते, कधी चाक इतकं चिकटतं की नट काढूनही निघत नाही. चाक परत चढवण्याआधी तारेच्या ब्रशने तो गंज काढला पाहिजे. दोन मिनिटांचं काम आहे आणि घाईत तेच राहतं.

थोडक्यात उत्तरं

*स्टेपनीही फिरवायची का?* (ठाणे) पाचवं चाक बाकी चारांच्याच मापाचं आणि त्याच रिमचं असेल तर हो, तिला क्रमात घ्या. नाहीतर ती डिकीत म्हातारी होते. हल्ली बऱ्याच गाड्यांना बारीक स्टेपनी येते, तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते. ती फक्त दुकानापर्यंत पोचण्यासाठी, रोटेशनमध्ये घ्यायची नाही.

*नेक्सॉन ईव्हीला वेगळं काही?* (पवई) बॅटरीमुळे गाडी जड, आणि सिग्नल सुटला की पूर्ण जोर एकदम पुढच्या चाकांवर. अॅक्सिलरेटर सोडल्यावर बॅटरीत वीज परत भरली जाते, तेव्हा गाडी रोखण्याचं काम तीच चाकं करतात. पुढचे टायर लवकर जाणारच. १० हजाराची वाट न पाहता ८ हजारालाच करा. टायर घेताना गाडीच्या वजनाला पुरेल तो लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो ते सांगणारा अंगावरचा आकडा) बघूनच घ्या. महिंद्राच्या बीई ६ मध्ये ताकद मागे आहे, तिचा क्रम वरच्या पद्मिनीसारखा. मात्र मागचे टायर रुंद असलेली गाडी असेल तर पुढे-मागे करताच येत नाही.

*जुन्या चेतकला आम्ही पुढचं चाक मागे लावायचो, अॅक्टिव्हाला का करत नाहीत?* (परळ) जुन्या बजाज चेतकची दोन्ही चाकं आणि स्टेपनी एकाच मापाची, १० इंची. आताच्या अॅक्टिव्हाचं पुढचं चाक १२ इंची, मागचं १०. बदलताच येत नाही. मागचा संपला की मागचाच घ्यायचा.

*चाकं बदलल्यावर डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा लागला.* (अंधेरी) हवेचा सेन्सर नव्या जागेला ओळखत नसेल. आधी हवा खरोखर मोजा, मग पुस्तकात दिल्याप्रमाणे रीसेट करा. न मोजता दिवा घालवू नका.

प्रश्न : आम्ही दोघं सत्तरीला आलो. गाडी महिन्यातून दोन-तीनदा डॉक्टरकडे किंवा सिद्धिविनायकाला जाण्यापुरती निघते. सहा वर्षांत जेमतेम पंधरा हजार किलोमीटर झाली. टायर नव्यासारखे दिसतात. रोटेशन करावं का?
— एक ज्येष्ठ वाचक, दादर

उत्तर : आजोबा, तुमच्या टायरांचं नुकसान किलोमीटरने होत नाही, काळाने होतं. टायरच्या अंगावर ‘डॉट’ या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. त्याचे शेवटचे चार आकडे पाहा, कधी ते आतल्या बाजूला असतात. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो टायर बनला. नक्षी भरलेली असली तरी रबर कडक होत जातं, आणि कडक रबर ओल्या रस्त्यावर घसरतं. पाच वर्षांनंतर दर वर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्या. अंगावर बारीक भेगा दिसल्या, विशेषतः रिमजवळ, तर नक्षी कितीही असो, बदला.

रोटेशन वर्षातून एकदा करा, ते मुख्यतः कोणीतरी चाकं उतरवून आतून पाहावं म्हणून. गाडी एकाच जागी उभी राहिली की टायरचा तोच भाग दबून चपटा होतो आणि पहिले काही किलोमीटर ठकठक जाणवते. आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी बाहेर काढा, शिवाजी पार्कला एक फेरी मारून आलात तरी पुरे. हवा पंधरा दिवसांनी बघा. उभ्या गाडीचीही हवा उतरते.

खर्चाची काळजी तुमच्या पत्रात दिसली. चार टायर एकदम शक्य नसतील तर दोन आता घ्या, मागे लावा, उरलेले दोन वर्षाच्या आत.

प्रश्न : गणपतीला गाडीने रत्नागिरीला जायचं आहे, सामान भरपूर, माणसं पाच. रोटेशन आदल्या दिवशी करून घेऊ की नको?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : आदल्या दिवशी नको. दोन आठवडे आधी करा.

चाक काढून लावलं की नट पुन्हा तपासावे लागतात. नवी जागा, नवं बसणं. शे-सव्वाशे किलोमीटर चालल्यावर एखादा नट किंचित ढिला पडू शकतो, अलॉय चाकांना तर हमखास पाहावं. दोन आठवडे आधी केलंत तर हे किलोमीटर लालबाग-परळातच होतील आणि तुम्ही दुकानात परत जाऊन नट आवळून घ्याल. आदल्या दिवशी केलंत तर ते किलोमीटर कोलाड-माणगावच्या आसपास पूर्ण होतील, तेही रात्री, पावसात, पुढे घाट बाकी असताना.

नट आवळताना उभं राहून बघा. आधी सगळे हाताने फिरवून बसवले पाहिजेत. मग एक सोडून समोरचा, असे टप्प्याटप्प्याने. हवेच्या गनने एका दमात खटखट आवळणं चुकीचं. त्याने बोल्ट ताणले जातात आणि ब्रेकची डिस्क वाकडी बसू शकते. शिवाय रस्त्यात पंक्चर झालं तर तुमच्या पान्याने ते नट हलणारच नाहीत. नट शेवटचे आवळायचे ते गाडी जमिनीवर उतरवून, टॉर्क पान्याने (ठरवलेल्या जोराला आवळणारा पाना), गाडीच्या पुस्तकातल्या मापाइतके. पाना ‘टक्’ असा आवाज देतो, तिथे थांबायचं. तो आवाज प्रत्येक नटाला ऐकू आला पाहिजे.

पाच माणसं आणि सामान म्हणजे पूर्ण भार. दरवाजाच्या स्टिकरवर पूर्ण भाराची हवा वेगळी दिलेली असते, बहुतेक गाड्यांत मागे जास्त. ती निघण्याआधी, टायर थंड असताना भरा. पनवेल ओलांडल्यावर गरम टायरची हवा मोजून ‘जास्त झाली’ म्हणून सोडू नका. गरम टायरमध्ये ती वाढलेलीच दिसते. स्टेपनीत हवा आहे का ते त्याच वेळी पाहा, सामान भरायच्या आधी. चाकांना चोरीचे लॉक नट बसवले असतील तर त्याची चावी पेटीत आहे का तेही बघा. चाकं बदलल्यावर ती चावी दुकानाच्या बाकावर राहून जाते, आणि मग माणगावला पंक्चर झालं तर चाक निघत नाही.